घरातलंच कुणीतरी

“तुमच्या घरातलं कुणीतरी ह्याला दुसरं काहीतरी खायला घालतंय,” डॉक्टर फेन्टर म्हणाली. म्हणताना तिने वर पाहिलंसुद्धा नाही. जज नावाच्या त्या कुत्र्याचा कान उलटा करून ती दिव्याखाली धरून बसली होती, आणि कानाची आतली बाजू भाजल्यासारखी लाल दिसत होती.

सेल्वाने मोखेथी खुर्चीत जरा पुढे सरकली. असली वाक्यं ती स्वतः बोलत आली होती. विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. टेबलापलीकडच्या माणसाला शांतपणे सांगायचं, की गाडी चोरीला गेली म्हणता त्या संध्याकाळी ती तुमच्या मेव्हण्याच्या अंगणात उभी होती, आणि मग गप्प बसायचं. समोरचा आपोआप बोलायला लागतो. आज समोरची ती होती, आणि तीच बोलायला लागली.

“छे हो. मी स्वतः मोजून घालते. शहामृगाचं मांस आणि रताळं, बस्स. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. मांस मी आणते, मीच शिजवते, वेगळ्या पातेल्यात. पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधलाय. चमचासुद्धा वेगळा आहे. बीफची ॲलर्जी म्हणालात तेव्हापासून बिस्किटं बंद केली, हाडं बंद केली, तुम्ही सांगितलं म्हणून जंताची ती गोड गोळीसुद्धा…” बोलता बोलता ती थांबली. खोटं बोलणारा माणूस नको इतका तपशील देतो, हे ऑफिसातल्या नव्या मुलांना तीच शिकवायची.

“तुमच्यावर माझा संशय नाही,” डॉक्टर म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूरही सेल्वानेच्या ओळखीचा होता. “चला, काट्यावर चढवू या ह्याला.”

जज काट्यावर चढला आणि त्याने तिथेच बसून मागच्या पायाने काखेत खाजवायला सुरुवात केली. काट्यातले आकडे नाचायला लागले. डॉक्टरने त्याचा पाय धरला, आकडे थांबले. “वजन वाढलंय.”

“थंडीत फिरणं कमी होतं ना.”

“असेल. लालीसुद्धा हवेतल्या परागांमुळे असू शकते, मी नाही म्हणत नाही. पण मधे तो बरा झाला होता. पोटावर केस आले होते, पंजे चाटणं थांबलं होतं. आणि आता हे. पराग खाऊन कुत्रं जाड होत नाही, मिसेस मोखेथी.” मग तिने सेल्वानेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “घरात कोण कोण असतं?”

“मी. माझे यजमान. आणि कामाला एक मुलगी, न्याराइ.”

डॉक्टरने मान हलवली आणि हात धुवायला वळली. एवढंच. पण न्याराइचं नाव शेवटी घेतलं गेलं आणि त्यानंतर नळाचं पाणी वाहिलं, म्हणून असेल कदाचित, ते नाव त्या पांढऱ्या खोलीत एकटंच उभं राहिल्यासारखं सेल्वानेला वाटलं.

परतताना मोठ्या रस्त्याच्या दोन्ही कडांचं गवत जळून काळं पडलेलं होतं. हिवाळा संपत आलेला, पाऊस अजून लांब. जोहान्सबर्गवर ह्या दिवसांत धूळ आणि धूर ह्यांचं एक पिवळट झाकण बसतं, तसं बसलं होतं. मागच्या सीटवर जज पंजा चाटत होता. चप, चप, चप. हा आवाज तिच्या आयुष्यात कधी शिरला ते तिला सांगता आलं नसतं. आधी तो कधीमधी यायचा, मग रोज. मग गल्लीतल्या डॉक्टरने इंजेक्शनं दिली तेव्हा थांबला, आणि इंजेक्शनाचा असर उतरला की दुप्पट होऊन परत आला. शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कातडीची तज्ज्ञ बाई आहे असं कुणीतरी सांगितलं. कुत्र्याच्या कातडीचा तज्ज्ञ! केपटाउनहून फोनवर नेओ, त्यांची मुलगी, हसून हसून बेजार झाली होती. “आई, आजीला पायाच्या जखमेसाठी सरकारी दवाखान्यात बाकावर दिवस दिवस बसवलंत, आणि ह्या जजला तज्ज्ञ?” सेल्वानेला ते लागलं होतं. पण कुत्रं रक्त निघेस्तोवर खाजवत असताना माणूस काय करणार?

जज तिच्या नवऱ्याचा, मोएकेत्सीचा. कोर्टातून निवृत्त झाल्यावर तो पिल्लू घेऊन आला, रुंद डोक्याचं, लोंबत्या गालांचं, आणि म्हणाला, “बघ, हा उघड्या डोळ्यांनी झोपतो. साक्ष चालू असताना आमचे साहेब असेच झोपायचे.” मोएकेत्सी दुभाष्या होता. सोथो, झुलू, इंग्रजी, आफ्रिकान्स, समोर येईल ती भाषा. आणि दुभाष्याने बोलायचं ते ‘मी’ म्हणून बोलायचं, असा कायदा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती त्याचं काम बघायला कोर्टात जाऊन बसली होती. तिचा नवरा, इस्त्रीच्या शर्टातला, स्वच्छ आवाजात म्हणत होता, “मी तिला मारलं. मग मी चाकू धुतला.” आणि थोड्या वेळाने, दुसऱ्या माणसासाठी, तितक्याच स्वच्छ आवाजात, “मी तिथे नव्हतोच, साहेब.” आवाज तसूभर हलला नाही. त्या दिवशी घरी येऊन तिने भाजी चिरता चिरता ठरवून टाकलं होतं, की हा माणूस खोटं बोलला तर आपल्याला कधीही कळणार नाही. मग ती त्याला फारसं विचारेनाशी झाली. संसार चांगला झाला.

तो अंगणात उन्हाला बसला होता, लोकरीची टोपी कपाळापर्यंत ओढून. जज उडी मारून उतरला आणि त्याच्या गुडघ्यात तोंड खुपसून उभा राहिला.

“काय म्हणाली बाई?”

“म्हणाली, घरातलं कुणीतरी ह्याला खायला घालतंय.”

मोएकेत्सीने जजच्या मानेवरून हात फिरवला. “तज्ज्ञ आहे ती,” तो म्हणाला. “काहीतरी म्हणायलाच हवं तिला.”

बस, इतकंच. आखूड उत्तर. मग ती स्वयंपाकघरात गेली. न्याराइ ओट्यापाशी टोमॅटो किसत होती. झिम्बाब्वेच्या बाजूची, तिशीची, उंच; मागच्या अंगणातल्या खोलीत राहायची आणि काम करताना कसलंसं गाणं नाकातल्या नाकात म्हणायची. सेल्वानेने पर्स टेबलावर ठेवली आणि सहज विचारावं तसं विचारलं.

“मी? नाही ममा!” न्याराइची किसणी थांबली. “मी तर त्याच्या भांड्याला हातही लावत नाही. काल तुमचं ते लाल दोऱ्याचं पातेलं घासलं, तेसुद्धा वेगळ्या घासणीने. उरलेली मक्याची उकड मी पिशवीत बांधून टाकते, गाठ मारून, आणि पिशवी डब्यात, आणि डब्यावर वीट ठेवते. परवा वीट पडली होती, पण ती वाऱ्याने. मी लगेच उचलली. न्तातेंना विचारा.”

न्ताते म्हणजे मोएकेत्सी. ती त्याला अशी मानाने, बापासारखी हाक मारायची. सेल्वाने “बरं, बरं” म्हणाली. पण किती तपशील! घासणी, गाठ, वीट, वारा. तिच्या मनात एक खिळा ठोकला गेला तो तिथे, आणि मग पुढचं सगळं त्या एकाच खिळ्याला लटकत गेलं.

संशय म्हणजे खाजेसारखाच प्रकार. एका जागी सुरू होतो. तिथे नख लावलं की शेजारची जागा जागी होते. ऑफिसात समोर माणूस बसलेला असायचा आणि तिला स्वयंपाकघर दिसायचं. न्याराइला जज आवडत नाही असं ती म्हणते, मग तिला बघून तो शेपूट का हलवतो? मागच्या रस्त्यावरच्या पोर्तुगीज म्हाताऱ्याकडे चोरी झाली, त्याच्या आधी त्याचं कुत्रं विष घालून मारलं होतं. आणि विष घालण्याआधी कुत्र्याशी ओळख करतात, भिंतीवरून रोज मांसाचा तुकडा टाकतात, असं गल्लीतले सगळे सांगत होते. भिंतीवर विजेच्या तारा आहेत. पण तारांना मांसाचा तुकडा अडत नाही. आणि बाहेरच्यांना घरातलं कुणीतरी लागतंच. त्या बाबतीतले दावे तिने स्वतः तपासले होते, एक ना दोन. न्याराइचा कुणी भाऊ की चुलतभाऊ रविवारी फाटकाशी येऊन उभा राहतो. भाऊच कशावरून? मग एका सकाळी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, फुलांच्या वाफ्यात, तिला एक कागदी रुमाल सापडला. चुरगाळलेला, तेलकट, रश्शाचा वास असलेला. तिने तो दोन बोटांनी उचलला आणि हुंगला. आपण हे काय करतोय, असं तिला क्षणभर वाटलं. पण वास बीफचाच होता.

मोएकेत्सीचंही काहीतरी बिनसलं होतं, तेही ती बघत होती. बघायचं म्हटलं की सगळंच दिसतं. त्याने पट्ट्याला खिळ्याने एक नवं भोक पाडलं होतं. तिने विचारलं तर म्हणाला, “म्हातारपणी सडपातळ झालेलं बरं.” कुणासाठी बरं? चर्चच्या गायनात मधल्या आवाजात गाणारी ती विधवा, जाड कंकणांची, रविवारी त्याला ‘मास्तर’ म्हणून हाक मारते. रात्रीच्या जेवणालाही तो हल्ली टीव्हीसमोर बसायचा, टेबलावर नको म्हणायचा, ताट मांडीवर, आणि सावकाश, फार सावकाश जेवायचा. ती आवरून निजायला गेली तरी ह्याचं ताट मांडीवरच. सोबत पाण्याचा मोठा जग. ती विधवा पाणी प्यायला सांगते वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि आपल्याच विचाराची तिला किळस आली. ती परत न्याराइकडे वळली. न्याराइवर संशय घेणं त्या मानाने स्वच्छ होतं.

“आई, घरातसुद्धा दावे तपासायला लागलीस का?” नेओ फोनवर म्हणाली.

“तुला काय जातंय बोलायला. इथे कुत्र्याचं पोट सोललंय.”

“मग बाबांना विचार ना. दिवसभर घरात तेच असतात.”

“विचारलं. ते काय सांगणार? दुपारभर डुलक्या काढतात.”

रविवारी न्याराइ तिच्या चर्चला गेली. पांढरा झगा घालून, डोक्याला पांढरं फडकं, अनवाणी. त्यांची प्रार्थना मोकळ्या माळावर असते. मोएकेत्सी गायनाला गेला होता. डोकं दुखतं म्हणून सेल्वाने घरी राहिली, आणि डोकं खरंच दुखत होतं. जास्तीची किल्ली तिच्याकडे असायचीच. मागच्या खोलीचं दार उघडताना तिने स्वतःला सांगितलं, की खोली आपली आहे. आत साबणाचा वास. पलंग विटांवर उचललेला, चादर ओढून ताठ बसवलेली. खिडकीत एका मुलीचा फोटो, शाळेच्या गणवेशातल्या. न्याराइला मुलगी आहे हे तिला माहीत होतं की नाही, ते तिला आठवेना. ती परत फिरणारच होती. मग तिने पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, काळपट, दोरीसारख्या सुकलेल्या मांसाच्या पट्ट्या. बीफ. तिच्या छातीत काहीतरी धडधडलं, आणि ते दुःख नव्हतं. दावा खोटा निघाला की ऑफिसात व्हायचं तेच ते होतं.

संध्याकाळी न्याराइ आली तेव्हा डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. न्याराइने डब्याकडे पाहिलं, मग सेल्वानेकडे.

“तुम्ही माझ्या खोलीत शिरलात?”

“हे काय आहे, न्याराइ?”

“तुम्ही माझ्या पलंगाखाली हात घातलात?”

“मी विचारते त्याचं उत्तर दे. जजला हेच घालत होतीस ना?”

न्याराइ हसली. हसू कडू नव्हतं. तिला खरोखरच हसू आलं होतं, त्यामुळे सेल्वानेला जास्त राग आला. “माझ्या आईने वाळवलंय ते, ममा. स्वतःच्या दारातल्या सावलीत बसून, माश्या वारत. बसवाल्याच्या हाती पाठवते ती, सीमेवर पोलीस अर्धं काढून घेतात. मी स्वतः ते बोटभर बोटभर तोडून खाते, पुरावं म्हणून. आणि माझ्या आईच्या हातचं मांस मी तुमच्या कुत्र्याला घालीन?”

“मग कोण घालतं?”

“मला काय माहीत? डोळे तुम्हाला आहेत.”

मोएकेत्सी दारात येऊन उभा होता, गायनाची फाइल काखेत. “तिचा काही दोष नाही, सेल्वाने,” तो म्हणाला. हळू, पण त्याच स्वच्छ आवाजात.

“तुम्ही मधे पडू नका. तुम्हाला सगळ्यांचीच दया येते.” मग न्याराइकडे वळून ती म्हणाली, “थोडे दिवस सुट्टी घे. कुत्रं बरं होतं का बघू.”

“म्हणजे कुत्रं बरं झालं तर मी चोर, आणि नाही झालं तर परत ये?” न्याराइने डबा उचलून छातीशी धरला. “नको, ममा. सुट्टी नको. मी जातेच.”

सकाळी सेल्वाने ऑफिसला निघाली तेव्हा मागच्या खोलीत हालचाल ऐकू येत होती. परत आली तेव्हा खोली रिकामी होती, चादर घडी घालून पलंगावर ठेवलेली. विटा जिथल्या तिथे. रात्री घरात फक्त टीव्ही बोलत होता. तिने केलेल्या रश्शाला मोएकेत्सी म्हणाला, “छान झालाय.” 

आणि कुत्रं बरं झालं नाही. उलट त्या आठवड्यात जजने पोटाची एक बाजू पार सोलून काढली, आणि गळ्यात प्लास्टिकची ती मोठी नरसाळ्यासारखी कॉलर घातली तर तो दारांवर, खुर्च्यांवर आपटत फिरायला लागला. जेवायच्या वेळी मात्र मोएकेत्सी ती काढायचा. “जेवू तरी दे सुखाने बिचाऱ्याला,” म्हणायचा. म्हणजे न्याराइ नव्हती. हे मान्य करायच्या ऐवजी सेल्वानेने भिंत मान्य केली: भिंतीवरूनच टाकतात. न्याराइ गेली आणि आता तिचा तो भाऊ सूड म्हणून टाकतो. असं स्वतःशी म्हणताना तिला ते खरंही वाटेना आणि सोडवतही नव्हतं.

तिने ऑफिसातून एक दिवस रजा काढली आणि घरी सांगितलं नाही. नेहमीसारखी निघाली, गाडी पलीकडच्या रस्त्यावर शाळेपाशी लावली आणि चालत परत आली. दारं उघडताना आवाज होऊ दिला नाही. कपडे धुवायच्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीवर उघडते. तिथे ती उलट्या बादलीवर बसली. थंडीने पाय आखडले. भिंतीवर एक लांब चोचीचा पक्षी येऊन ओरडून गेला. शेजारी कुणीतरी गालिचा झोडपला. भिंतीवरून काही आलं नाही, कुणाचा हात नाही, डोकं नाही. ऊन सरकत सरकत तिच्या बुटांपर्यंत आलं. आपल्याच घरात आपण चोरासारख्या बसलोय, आणि आपला नवरा आत आपल्याला गेलेली समजून वावरतोय, ह्यात एक विचित्र मजा होती. तिला त्याची पावलं ऐकू येत होती. घरात एकट्याने चालताना तो भिंतीला हात लावत चालतो, हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

दुपारी त्याने रस्सा गरम केला. वास आला तसा जज उठून गेला, कॉलर दाराच्या चौकटीला घासल्याचा आवाज झाला, मग बक्कल काढल्याचा. सेल्वाने उठली आणि बूट काढून नुसत्या मोज्यांनी बोळात आली. जेवणाच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

मोएकेत्सी आज टेबलापाशी बसला होता. समोर तिने रात्री केलेलं बीफ, मक्याची उकड, पालेभाजी. त्याने बोटांनी एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावायला लागला, खूप वेळ. मग कागदी रुमाल ओठांना लावला. रुमालाचा हात खाली गेला. टेबलाखाली जजने, जुनी वहिवाट असावी तसं, आवाज न करता तो तुकडा घेतला. मग उकडीचा गोळा: चावणं, रुमाल, हात खाली. पुढचा तुकडा त्याने चावलासुद्धा नाही, सरळ खाली दिला.

सापडला! तिच्या मनात पहिल्यांदा हाच शब्द आला, आणि त्या शब्दाची ऊब क्षणभर अंगभर पसरली. ती दार लोटून आत गेली.

“नेओचे बाबा.”

तो दचकला नाही. त्याचा हात टेबलाखाली तसाच राहिला. जज त्याची बोटं चाटत होता. “आज लवकर?”

“त्या मुलीला मी घालवलं.”

“हो.”

“तुम्ही दारात उभे राहून बघत होता.”

त्याने टेबलाखालचा हात वर घेतला.

“इतकं वाईट झालंय माझ्या हातचं? कुत्र्याला घालण्याइतकं?”

“वाईट नाही गं. चांगलं होतं. मी चावून बघतो ना, चव सगळी लागते.”

हे वाक्य तिला ऐकू आलं, पण कळलं नाही. तिने समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. “खा. माझ्यासमोर खा.”

“सेल्वाने.”

“एक घास. मी बघते. तुमचा हा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय, मला आवाज नको. खाऊन दाखवा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. कोर्टात पिंजऱ्यातल्या माणसाकडे बघून ‘प्रश्न समजला का?’ असं विचारण्याआधी तो थांबायचा, तितकाच थांबला. मग त्याने मांसाचा एक लहानसा तुकडा उचलला. चावला. गिळला. दोघंही वाट बघत राहिली. काही झालं नाही. तो जरासा हसलासुद्धा. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्याचा हात गळ्याकडे नाही, छातीच्या मधोमध गेला आणि तिथे दाबून बसला, बाहेर जाऊ पाहणारं काहीतरी आत धरून ठेवावं तसा. खुर्ची मागे पडली. तो मोरीपाशी पोचला, नळ सोडला, ओंजळभर पाणी प्याला, आणि पाणी फेस होऊन परत आलं. पुन्हा. पुन्हा. त्याच्या घशातून जो आवाज निघत होता तो कुठल्याच भाषेतला नव्हता. ती त्याच्या मागे उभी राहून पाठ चोळत होती, “अहो, अहो,” म्हणत, आणि जाड स्वेटरखाली तिच्या तळहाताला फासळ्या लागत होत्या, एकेक वेगळी. त्या पाठीला तिने कितीतरी दिवसांत हात लावला नव्हता, हे तिला हाताकडूनच कळलं.

तुकडा शेवटी परत आला. तो मोरीच्या कडेला टेकून फरशीवर बसला. ती पण बसली. जज दोघांच्या मधे येऊन आडवा झाला.

“कधीपासून?”

“आधी उकड अडकायला लागली. मग मांस. आता पाणीसुद्धा कधी कधी विचार करतं, जावं की नको.”

“आणि डॉक्टर?”

“थोरल्याला नेलं होतं ना आपण.” त्याचा थोरला भाऊ. ह्याच दुखण्याने गेला. वॉर्डात त्याला अन्नाचा वास येऊ नये म्हणून सगळ्यांनी बोळात उभं राहून घास गिळले होते, तिनेसुद्धा. “तिथे गेलो की ताट सुटतं, सेल्वाने. तू रोज कामावरून दमून येतेस, माझ्यासाठी शिजवतेस, वाढतेस. मला आणखी थोडे दिवस तुझ्या ताटावर बसायचं होतं. टाकून द्यायचं जिवावर येई. हा होताच खाली.”

“ह्याचा कान उलटा करून दाखवायला मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते,” ती म्हणाली, “आणि तुम्ही शेजारी बसून…” तिने जजचा कान सरळ केला. मग एकदम म्हणाली, “आणि ती पोरगी? तिला जाऊ दिलंत.”

“हो.”

“एक शब्द बोलला असतात.”

“बोललो असतो तर तू विचारलं असतंस, मग कोण. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा मारल्या, पण तू समोर बसून विचारलंस तर मला स्वतःची एक जमणार नव्हती.”

“जमली की. चांगली जमली.” तिच्या आवाजात इतकं विष होतं की जजने मान वर केली. आणि तरी तिचा हात मोएकेत्सीच्या पाठीवरून निघाला नव्हता.

पुढचं सगळं झटपट झालं, आणि झटपट होऊन काही उपयोग नव्हता. घशातून कॅमेरा घातला, आतल्या मांसाचा एक कण तपासायला काढला. दवाखान्यातला तरुण डॉक्टर इंग्रजीत बोलला, तिला इंग्रजी येत होतं, रोज त्यातच काम करायची, तरी मोएकेत्सीने सवयीने ते सोथोत करून तिला सांगितलं, सरळ बसून, हात मांडीवर ठेवून: “‘मला वाईट वाटतं, पण अन्ननलिकेतली गाठ फार पुढे गेली आहे. मी ती कापून काढू शकणार नाही. वाट मोकळी राहावी म्हणून मी एक नळी बसवीन.’” तरुण डॉक्टर गोंधळून दोघांकडे बघत राहिला. नळी बसवली. ती ज्वारीची आंबील पातळ करून, गाळून, त्याला द्यायला लागली, आणि तो टेबलापाशी बसून ती प्यायचा; प्रत्येक घोट उतरेपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे बघायची आणि तो म्हणायचा, “गेला, गेला. बघू नकोस अशी.” नेओ येऊन राहिली. जजच्या पोटावर केस आले. डॉक्टर फेन्टरने त्याचा कान उलटा केला, तो फिका गुलाबी होता. खूश होऊन तिने विचारलं, “मग, सापडलं का कोण ते?” सेल्वाने म्हणाली, “सापडलं.” त्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टरने पुढे विचारलं नाही.

न्याराइ त्यांच्याच वस्तीच्या, केन्सिंग्टनच्या, वरच्या अंगाला, टेकडीवरच्या एका घरात कामाला लागली होती, असं चर्चमधल्या कुणाकडून तरी कळलं. सेल्वाने तिथे गेली ती शनिवारी सकाळी. काय बोलायचं ते गाडीत तीनतीनदा म्हणून झालं होतं. फाटकाची घंटी दाबली तेव्हा त्यातलं एकही वाक्य उरलं नाही. न्याराइ आली, हात पुसत, निळा नवा एप्रन. फाटक उघडलं नाही, गजांपलीकडे उभी राहिली.

“ममा.”

“न्याराइ. तू नव्हतीस.”

“ते मला माहीत आहे.”

“न्ताते घालत होते. त्यांना गिळता येत नाही. गाठ आहे.” सेल्वानेला वाटलं होतं, हे ऐकल्यावर सगळं सोपं होईल.

न्याराइचा चेहरा हलला, मग पुन्हा स्थिर झाला. ती बराच वेळ गजाचा रंग नखाने खरवडत राहिली. “त्या दिवशी माझी बॅग त्यांनीच फाटकापर्यंत आणली,” ती म्हणाली. “मी नको नको म्हणत होते. वाटेत दोनदा खाली ठेवली त्यांनी, दम खायला. मला वाटलं, म्हातारा माणूस, वाईट वाटत असेल माझ्यासाठी.” मग तिने वर पाहिलं. “तुम्ही माफी मागायला आलात की परत बोलवायला? दोन्ही एकदम नका मागू.”

परत ये, हे शब्द सेल्वानेच्या जिभेवरच होते. घरी माणूस हवं होतं. नेओला जायचं होतं. “माफी,” ती म्हणाली.

“मग मागा.”

रस्त्यावर, टेकडीवरच्या त्या वाऱ्यात, पर्स दोन्ही हातांनी धरून सेल्वानेने माफी मागितली. तिने खोलीत शिरल्याची मागितली, डब्याची मागितली. तिला कधी कुणाची अशी मागावी लागली नव्हती, आणि ती किती आखूड असते ह्याचं तिला नवल वाटलं. न्याराइने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘असू दे’ म्हणाली नाही.

“न्तातेंना सांगा, मी प्रार्थना करते,” ती म्हणाली. “आता जा ममा. मॅडम बघतायत.”

सेल्वानेने वर पाहिलं. पहिल्या मजल्यावर पडद्याची कड बोटभर सरकलेली होती. न्याराइ वळून गेली, तिची चप्पल दगडी वाटेवर वाजत गेली. सेल्वाने गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. वर जाऊन त्या बाईला सांगावं, ही चांगली मुलगी आहे, हिच्या खोलीत जाऊ नका. पण फाटकाशी येऊन कुजबुजणाऱ्या अनोळखी बाईवर कोण विश्वास ठेवतं? तिने स्वतः ठेवला असता?

आतून एक चढा आवाज आला. “कोण होती ती, न्याराइ? काय हवं होतं तिला?”

“कुणी नाही, मॅडम,” न्याराइ म्हणाली. “पत्ता विचारत होती.”